कीर्ती आणि दप्तर : सिंधुदुर्गाच्या लोकप्रतिनिधींचा एक आढावा

लोकप्रतिनिधीची जनमानसातील प्रतिमा आणि अधिकारपदावर असताना त्याच्या हातून झालेले कार्य यांत अंतर असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे; परंतु ते अंतर किती, कोणत्या दिशेचे आणि कशामुळे पडलेले, याचा विचार एखाद्या ठरावीक मुलुखाच्या, ठरावीक माणसांच्या आणि ठरावीक कागदांच्या आधाराने केल्याखेरीज त्या मान्यतेला काही मोल येत नाही. अशा विचारासाठी सिंधुदुर्गासारखा दुसरा जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. या मुलुखाने राजापूर मतदारसंघातून देशभर नावाजलेली माणसे लोकसभेत पाठवली आणि त्यांपैकी दोघांना, त्यांचे काम ऐन भरात आले असताना किंवा येऊन गेल्यावर, घरीही बसवले. ज्या मुख्यमंत्र्याच्या हुकुमाने हा जिल्हा अस्तित्वात आला त्याचे नाव उर्वरित महाराष्ट्राने एका वेगळ्याच प्रकरणाशी बांधून ठेवले. आणि अगदी अलीकडे मालवणच्या किनाऱ्यावर प्रतिमा या शब्दाच्या शब्दशः अर्थाने जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले. ही सर्व प्रकरणे एकत्र मांडून पाहिली तर माझ्या मते एकच गोष्ट ठळकपणे दिसते : प्रतिमा ही केवळ दोष झाकते असे नव्हे, ती गुणही तितक्याच निष्ठुरपणे झाकते, आणि दोन्ही प्रकारचे नुकसान शेवटी रयतेचेच होते.

बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव काढले की दक्षिण कोकणातल्या वयोवृद्ध माणसाला प्रथम आठवते ती त्यांची वाणी. २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेला, विलायतेत बॅरिस्टर होऊन ऑस्ट्रियन पत्नीसह मायदेशी परतलेला हा समाजवादी तरुण १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मुलूख पेटलेला असताना, प्रजासमाजवादी पक्षातर्फे राजापूरमधून निवडून आला आणि पुढे १९६२ व १९६७ साली पुन्हा निवडून गेला. त्यांच्या सभांना माणसे कोसाकोसांवरून पायी येत. गोव्याचा मुक्तिलढा असो, बेळगावचा सीमाप्रश्न असो, त्या भाषणांनी माणसे भारावून जात. आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावातच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला तेव्हा या वाणीवरच जणू कायमची मुद्रा उमटली. मालवणात त्यांच्या नावाचे सेवांगण आहे, शाळा आहेत, वाचनालये आहेत. पण त्यांच्या संसदीय कार्याचा नेमका आशय काय होता, असे विचारले तर उत्तर देणारा माणूस शोधावा लागतो.

तो आशय सोपा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. विरोधी बाकावरच्या खासदाराच्या हातात खाते नसते, निधी नसतो, बांधकाम विभागाचा अभियंता त्याच्या हुकुमात नसतो. त्याचे काम लोकसभेच्या कार्यवृत्तात असते आणि ते कार्यवृत्त तालुक्याच्या गावी कोणी उघडून पाहत नाही. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पै यांनी, संसदेचा हा अधिकार पुनःस्थापित करावा अशा आशयाचे खासगी विधेयक मांडले. खासगी सदस्याच्या विधेयकाला शुक्रवारच्या दुपारचे जेमतेम दोन-अडीच तास मिळतात आणि बहुतेक विधेयके त्या शुक्रवारांतच विरून जातात. नाथ पैंचे विधेयक मात्र दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेले, त्यावर देशभरातल्या विधिज्ञांनी मते दिली, आणि राज्यघटनेच्या मूळ प्रश्नावर संसदेत दीर्घ चर्चा झाली. १९७० च्या डिसेंबरअखेर लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. तीन आठवड्यांनी विधेयकाचा कर्ताही गेला. परंतु १९७१ साली चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारने जे केले त्याची वाट या विधेयकाने घालून दिली होती, याविषयी घटनेच्या अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

आता या कार्याचे मूल्यमापन कसे करावयाचे? नाथ पैंविषयी अपार आदर बाळगूनही मला असे वाटते की ज्या अधिकारासाठी ते झटले तो अधिकार अनिर्बंध हाती आला असता काय होऊ शकते हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दाखवून दिले, आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली नसती तर ते अधिकच कठोरपणे दिसले असते. लोकनियुक्त संसद जनतेच्या हक्कांवर घाला घालणार नाही, हा नाथ पैंचा विश्वास एका निर्मळ लोकशाहीवाद्याचा विश्वास होता. इतिहासाने तो पुरता खरा ठरवला नाही. पण ही चर्चा करावयाची तर प्रथम त्यांचे विधेयक वाचले पाहिजे, त्यांच्याशी वाद घातला पाहिजे. ज्याला आपण केवळ वक्ता म्हणून पूजतो त्याच्याशी आपण वाद घालत नाही. आणि विचारवंताची याहून मोठी उपेक्षा मला तरी ठाऊक नाही.

त्यांच्या पश्चात १९७१ साली आलेले प्राध्यापक मधु दंडवते यांचे प्रकरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण त्यांना पुढे सत्ताही मिळाली आणि त्यामुळे त्यांचे काम मोजता येते. दंडवते कोकणातले नव्हेत. जन्म अहमदनगरचा, व्यवसाय मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचा. साधी राहणी, चारित्र्याची शुद्धता, आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात काढलेले दिवस, अशी त्यांची प्रतिमा होती, आणि तिच्यात खोटे काही नव्हते. परंतु साधा आणि सज्जन माणूस प्रशासनात फारसे काही करू शकत नाही असा एक समज आपल्याकडे रूढ आहे, आणि दंडवत्यांच्या वाट्याला तोही आला. वास्तविक मार्च १९७७ ते १९७९ या दोन-सव्वादोन वर्षांत रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी जे केले ते आजही प्रत्येक प्रवाशाच्या पाठीखाली आहे. त्यापूर्वी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्या असत. ज्याला पहिल्या वर्गाचे भाडे परवडत नाही त्याने दोन-दोन रात्री त्या फळीवर काढाव्यात हा शिरस्ता होता. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा हुकूम दिला. पहिल्या वर्गाला हात न लावता दुसऱ्या वर्गाची पातळी उंचावणे, ही समाजवादाची इतकी मूर्त व्याख्या होती की तिच्यासाठी भाषणाची गरज नव्हती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली, वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस हे त्याच विचाराचे दुसरे रूप. आणि १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना पुन्हा रुजू करून घेणे हे तिसरे.

कोकण रेल्वेच्या बाबतीत तर श्रेयाचा हिशेब फारच गुंतागुंतीचा आहे. या मार्गासाठी वालावलचे अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या ध्येयवेड्या माणसाने आयुष्य वेचले, नाथ पैंनी संसदेत तो प्रश्न सतत जागता ठेवला, आणि दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहे या पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. तो टप्पा सुरू व्हायला १९८६ साल उजाडले. पुढच्या मुलुखाचे गाडे १९८९ च्या अखेरीपर्यंत अडूनच राहिले. तेव्हा राष्ट्रीय आघाडीच्या सरकारात मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, कर्नाटकाचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष आणि राजापूरचे दंडवते अर्थमंत्री असा योग जुळून आला. रेल्वे खात्याच्या नेहमीच्या तरतुदीतून हा मार्ग कधीच पुरा होणार नाही हे ओळखून स्वतंत्र महामंडळ काढण्याची, त्यात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के हिस्सा ठेवण्याची, आणि उरलेला पैसा करमुक्त रोख्यांतून बाजारातून उभारण्याची तजवीज झाली. १९ जुलै १९९० रोजी महामंडळाची नोंदणी झाली आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सह्याद्रीच्या कुशीतले नव्वदाहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधून होऊन २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. पायाभरणी आणि लोकार्पण यांच्यामध्ये दिल्लीत अनेक सरकारे येऊन गेली.

आणि पायाभरणीनंतर वर्षही पुरे होण्याच्या आत, १९९१ च्या निवडणुकीत, राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पराभूत करून काँग्रेसचे सुधीर सावंत यांना निवडून दिले. या निकालाची कारणे अनेक होती : जनता दल फुटले होते, मुंबईच्या गिरण्यांचा संप विझल्यानंतर कोकणी चाकरमान्यांच्या वस्त्यांत शिवसेनेचा प्रभाव वाढून तो गावोगाव पोहोचला होता, आणि समाजवाद्यांची जुनी कार्यकर्त्यांची फळी थकली होती. मतदार कृतघ्न होता असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते मान्य नाही. ज्या मनुष्याची फक्त सज्जन म्हणून ओळख करून दिली गेली, त्याने अर्थखात्यात बसून रोखे काढण्याची वाट कशी मोकळी केली हे मतदाराला कोणी सांगितलेच नव्हते. आणि ज्या रेल्वेचे रूळ अजून कणकवली-कुडाळपर्यंत आलेच नव्हते, तिच्यासाठी मत कोणी द्यावे? शासकीय कार्याचे फळ पिकायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते, या विसंगतीवर अद्याप कोणत्याही लोकशाहीला उपाय सापडलेला नाही.

सुरेश प्रभू यांच्या बाबतीत हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडले. १९९६ पासून चार वेळा राजापूरचे खासदार राहिलेल्या प्रभूंचे वीजक्षेत्रातील सुधारणांचे काम दिल्लीत वाखाणले गेले. वीज विधेयक त्यांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीत लोकसभेत आले आणि २००३ साली त्याचा अधिनियम झाला. पण त्याआधीच, २००२ साली, स्वपक्षाच्याच आदेशावरून त्यांना मंत्रिपद सोडावे लागले होते, आणि २००९ साली नव्याने आखलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाने त्यांना नाकारले.

याच्या अगदी उलट टोकाला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे प्रकरण उभे आहे. जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढीच त्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी, मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांत देवघेवीचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेकवार गेला, पण त्यात शिक्षा अशी झाली नाही. तरीही सिमेंट हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. त्या प्रकरणाचे गांभीर्य कमी लेखण्याचा माझा उद्देश मुळीच नाही. टंचाईच्या काळात परवान्याची वस्तू देणगीच्या मोबदल्यात मिळू लागली की ज्याच्यापाशी देणगी नाही त्या घर बांधणाऱ्या गरिबाचे सिमेंट काढून घेतले जाते, आणि हा अपराध राजकीय विरोधकांनी रचलेला नव्हता. पण त्याच एकोणीस महिन्यांत निराधार विधवा, अपंग आणि वृद्ध यांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना निघाली, जी पुढच्या प्रत्येक सरकारने चालू ठेवली; आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला.

आज तरुणांना या घटनेचे महत्त्व सहसा जाणवत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या शेतकऱ्याला जमाबंदीच्या अपिलासाठी, शिक्षकाला पगाराच्या तक्रारीसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी रत्नागिरी गाठावी लागे. एसटीने एक दिवस जाण्यात, एक रात्र परगावी, एक दिवस परतण्यात, आणि साहेब दौऱ्यावर असले तर सारे पुन्हा पहिल्यापासून. कचेरी ओरोसला आल्यामुळे जो वेळ, जो पैसा आणि जो अपमान वाचला त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही, की अंतुल्यांचे नाव जिल्ह्याच्या सार्वजनिक स्मरणात जवळजवळ कोठेच नाही. न्यायालयाचा निष्कर्ष आणि जिल्ह्याची निर्मिती या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या दप्तरात आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही, हे मान्य करण्याइतकी प्रौढता आपल्या राजकीय चर्चेत यायला हवी.

याच अंतुल्यांनी विलायतेतून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली होती आणि त्या घोषणेने महाराष्ट्र काही काळ भारून गेला होता. तलवार आली नाही. शिवछत्रपतींच्या नावाने लोकांच्या हृदयाला हात घालण्याचा मोह पुढच्या पिढ्यांतल्या राज्यकर्त्यांनाही आवरला नाही, हे मालवणने पाहिले. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने, राजकोट किल्ल्यावर पंतप्रधानांच्या हस्ते महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही झाले नव्हते तोच, तो पुतळा कोसळला. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत क्षमा मागितली, गुन्हे दाखल झाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी अधिक उंच पुतळा उभा राहिला. समोर पाण्यात, १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत आहे, ही तुलना त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होती. मला त्या वेळी वेगळीच गोष्ट आठवत होती. १६७१ च्या डिसेंबरात महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र पाठवले. पत्राचा विषय मिठाचा. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलुखातून, स्वस्त मीठ येऊ लागल्याने स्वराज्यातील मिठाला गिऱ्हाईक उरणार नाही, म्हणून त्या मिठावर अशी जकात बसवावी की ते महाग पडेल, असा त्या हुकुमाचा आशय आहे. घोडा नाही, तलवार नाही, जिरेटोप नाही. एका वस्तूचा भाव, एक जकातनाका आणि मिठागरात राबणारी माणसे. राज्यकर्त्याच्या कार्याचा पुरावा म्हणून मी या पत्राला कोणत्याही शिल्पाहून वरचे स्थान देईन, आणि कुडाळच्या प्रत्येक शाळेत ते शिकवले जावे असे मला कळकळीने वाटते.

१९९० नंतरच्या काळात जिल्ह्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू दिल्लीहून मुंबईकडे सरकला. त्या वर्षी मालवणमधून विधानसभेत गेलेले नारायण राणे १९९९ साली काही महिने मुख्यमंत्री झाले, पुढे महसूल खाते सांभाळले, पक्ष बदलले, २०१४ साली कुडाळला पराभूत झाले आणि २०२४ साली याच जिल्ह्याचे खासदार झाले. त्यांची प्रतिमा काम करून घेणाऱ्या, अधिकाऱ्याला जाब विचारणाऱ्या धडाडीच्या नेत्याची. त्यांच्या विरोधकांच्या लेखी तीच धडाडी दहशत ठरते. या दोन्ही प्रतिमा स्वभावाच्या आहेत, आणि स्वभावाच्या चर्चेत कार्याची चर्चा हरवते, एवढेच मला येथे म्हणावयाचे आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर आज ज्या घरोघरच्या निवासव्यवस्था दिसतात त्यांत शासनाचा वाटा किती आणि कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्या गावकऱ्यांचा किती, याची तपासणी कोणी केली आहे? तोंडवळी-वायंगणीचा सी-वर्ल्ड प्रकल्प मोठ्या गाजावाजाने जाहीर झाला, जमिनीच्या प्रश्नावरून विरोध झाला, आणि प्रकल्प कागदावरच राहिला; त्याचे समर्थन करून मते मागितली गेली, विरोध करूनही मागितली गेली. चिपीच्या विमानतळाचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झाले तेव्हा श्रेय कोणाचे, याच्या चर्चेनेच व्यासपीठ व्यापले. विमाने नियमित उडत राहावीत यासाठी काय करावे लागेल, ही चर्चा नंतर प्रवाशांनाच करावी लागली.

कायदा करणे आणि कायदा पाळला जाईल असे पाहणे यांतील अंतर मालवणच्या रापणकर मच्छीमारांइतके कोणाला ठाऊक नसेल. सागरी मासेमारी नियमनाचा अधिनियम १९८१ सालचा आहे. पर्ससीन जाळ्यांच्या नौका किनाऱ्याजवळ येऊन थव्याचा थवा उपसून नेऊ लागल्या तेव्हा पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासननिर्णयाने पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली, आणि २०२१ साली राज्याने अधिनियमात दुरुस्ती करून दंड वाढवला व निवाड्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिले. प्रत्येक टप्प्यावर आमदार-मंत्र्यांचे सत्कार झाले, बंदरजेटीवर फलक लागले. पण समुद्रात रात्री दिवे पेटले म्हणून किनाऱ्यावरून फोन गेल्यावर गस्तीनौका निघते की नाही, तिला डिझेल आहे का, खलाशी आहेत का, आणि पकडलेल्या नौकेचा दंड प्रत्यक्ष वसूल होतो का, यावर त्या साऱ्या कायद्यांचा अर्थ अवलंबून असतो. हा जमाखर्च मत्स्यव्यवसाय कार्यालयात असतो, मागितल्यास मिळतो. निवडणुकीच्या सभेत तो कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

आरोग्याचे असेच. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे आणि त्या घटनेचे महत्त्व मी कमी मानत नाही. तरी डोक्याला मार लागलेला किंवा हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण आला की नातेवाईक अजूनही पहिला प्रश्न विचारतात तो गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नेण्याचा. गोव्याने २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सर्वाधिक काळजी याच जिल्ह्यात उमटली. इमारतीचे उद्घाटन ही प्रतिमेची बाब आहे. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ यांची किती पदे मंजूर, किती भरलेली, किती रिक्त, आणि गेल्या वर्षात किती रुग्ण पुढे गोव्याला पाठवावे लागले, हा कार्याचा भाग आहे. जिल्हा नियोजन समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते आणि मार्चअखेर निधी खर्ची टाकण्याची धावपळ दरवर्षी सर्वांना दिसते. त्याच बैठकीत ही चार आकड्यांची यादी वाचून दाखवावी, तालुक्याच्या वर्तमानपत्रांनी ती छापावी, आणि पुढच्या वर्षी त्याच क्रमाने पुन्हा छापावी.